निळ्या सूटचा भाव

“एकोणीस पंच्याहत्तर,” काउंटरमागची बाई म्हणाली, आणि माझ्या पेन्सिलीने तोवर सवयीने साडेनऊ लिहूनही टाकले होते. मी म्हटलं, बाई, तुझं काहीतरी चुकतंय, पुरुषाचा सूट आहे हा, कोट आणि पॅंट, दिवाणखान्याचे पडदे नाहीत. ती हसली. ती एलेनी, कोस्टासची सून. कोस्टासच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून ड्रायक्लीनिंगचं दुकान सध्या तीच बघत होती. तिने मागे वळून टांगलेल्या कपड्यांची रांग हाताने बाजूला सारली आणि भिंतीवरची पाटी दाखवली. पुरुषाचा सूट, १९.७५. पाटी जुनी होती, आकडे तेवढे वेळोवेळी नवे चिकटवलेले दिसत होते. अकरा वर्षं मी वर्षातून चारदा त्या दुकानात जातेय आणि ती पाटी मी पाहिलीच नव्हती, कारण मी कोस्टासला विचारायची आणि कोस्टास मान वर न करता म्हणायचा, साडेनऊ. एलेनीने पत्र्याच्या डब्यातली कार्डं चाळली आणि एक कार्ड वाचून एकदम ओशाळली. “अरे देवा, तुम्ही मिसेस स्टंकस का? सासऱ्यांनी लिहून ठेवलंय, स्टंकस, साडेनऊ, काही विचारू नये. माफ करा हं, साडेनऊच द्या.” मग बोलणं बदलावं म्हणून तिने सूट उजेडात धरला. “पण हा तर स्वच्छच आहे की! कुणी घालत नाही का? आणि पाठीवर बघा, कशी चमक आलीय. उगाच पुन्हा पुन्हा धुतलं ना, की कापड असंच मरतं.” मी म्हटलं, पावती एकोणीस पंच्याहत्तरचीच कर. ती नको नको म्हणत होती. मी गुलाबी पावती तिच्या हातातून जवळजवळ ओढून घेतली आणि बाहेर पडले.

बाहेर शिकागोचा जानेवारी होता. गल्लीत लोकांनी फावड्याने बर्फ काढून आपापल्या गाडीपुरती जागा केली होती आणि ती कुणी बळकावू नये म्हणून मध्ये मोडक्या खुर्च्या, इस्त्रीचं टेबल, एकाने तर बाळाची उंच खुर्ची मांडून ठेवली होती. मी त्या खुर्च्यांमधून चालत होते आणि पिशवीत माझी यादी होती. शहराशहरांतली महागाई मोजणाऱ्या एका संस्थेसाठी मी भाव गोळा करते. पगार नाही, वर्षाकाठी एक जेवण आणि एक पेन मिळतं. माझा नवरा अल्गिस गेल्यावर चर्चमधल्या एका बाईने मला यात ढकललं, घरात बसून भिंती बघण्यापेक्षा बरं म्हणून. अर्धा गॅलन दूध, डझन अंडी, डोकेदुखीच्या गोळ्यांची बाटली, गाडीचं एक चाक बॅलन्स करून घ्यायचं, बोलिंगचा एक डाव, पुरुषाचा सूट. आमच्या भागात आम्ही सहा-सात म्हातारी माणसं आहोत, आणि तिकडे ह्यूस्टनमध्येही आमच्यासारखेच कुणीतरी थंडगार दुकानांतून घाम पुसत हिंडत असणार. मग सगळ्यांची सरासरी निघते, पुस्तक छापलं जातं, आणि कंपन्या ते पुस्तक उघडून ठरवतात की अमुक शहरातून तमुक शहरात माणूस हलवला तर त्याला किती कमीजास्त द्यायचं. आम्हाला शिकवणारा हॅलोरन पहिल्याच दिवशी म्हणाला होता, “कूपन नाही, म्हाताऱ्यांची सवलत नाही, ओळखीचा भाव तर मुळीच नाही. शहराचा भाव लिहायचा, स्वतःचा नाही.” मी मान डोलावली होती. पुढच्याच आठवड्यात पहिली फेरी होती आणि नुसता भाव विचारून दुकानातून बाहेर पडायची मला लाज वाटली. दूध घेता येतं, अंडी घेता येतात. पण सूटचा भाव विचारायला सूट हवा. घरात पुरुषाचा एकच सूट उरला होता.

उरला होता, असं मी म्हणते. उरवला होता, हे खरं. गडद निळा, डाउनटाउनच्या मोठ्या दुकानातून घेतलेला, तीनशे ऐंशी डॉलर, आमच्या मुलीच्या, डाइनाच्या लग्नासाठी. अल्गिस छापखान्यात यंत्रं दुरुस्त करायचा, त्याच्या नखांतली शाई कधी गेली नाही. त्या दिवशी शिंप्याने खांद्यावर खडूच्या रेघा मारल्या तेव्हा तो आरशात स्वतःकडे बघून लाजला आणि म्हणाला, “बर्नाडीन, या माणसाला कर्ज द्यायला बँक तयार होईल गं.” लग्नात तो नाचला. त्यानंतर मी सूट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात टांगला आणि चांगल्या प्रसंगाला काढायचा असं ठरवलं, पण चांगला प्रसंग काही आला नाही. सहा वर्षांनी, फेब्रुवारीत, अल्गिस स्वयंपाकघरात रेडिओचं बटण फिरवता फिरवता खाली बसला तो बसलाच. दुसऱ्या दिवशी अंत्यविधीवाल्यांचा फोन आला, कपडे पाठवा. माझी नणंद त्या वेळी शेजारी बसून बटाटे किसत होती, जेवणाला कुगेलिस, आमचा लिथुआनियन बटाट्याचा पदार्थ, करायचा म्हणून. ती किसता किसता सहज म्हणाली, “ते लोक कोट पाठीतून कापतात, ठाऊक आहे ना? हात वाकत नाहीत ना. पुढून दिसतं नीट, मागून नुसती कात्री.” मी कपाटासमोर उभी राहिले. एकदाच घातलेला सूट. आतली रेशमी बाजू अजून करकरीत होती. माझ्या मनात तीनशे ऐंशी आले, खोटं कशाला बोलू, आधी ते आले आणि मग बाकीचं सगळं. मी हात पुढे केला आणि शेजारचा तपकिरी सूट काढला, कोपरांवर विरलेला, जो त्याला कधीच आवडला नव्हता.

डाइना ह्यूस्टनहून संध्याकाळी पोचली ती थेट अंत्यदर्शनाच्या खोलीत. पेटीशी उभी राहिली, वाकली, आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “आई, निळा कुठेय?” रांगेत मागे पन्नास माणसं होती. मी म्हटलं, कसर लागली. “कधी?” मी म्हटलं, मागच्याच हिवाळ्यात, फेकून द्यावा लागला. तिने हात घालून त्याच्या तपकिरी बाहीवरचा एक धागा काढला, बोटाला गुंडाळला आणि तसाच बोटाला ठेवून दोन दिवस वावरली. मला तो धागा जेवताना दिसला, कबरीशी दिसला, विमानतळावर तिने निरोपाचा हात हलवला तेव्हाही दिसला. त्याच रात्री मी सूट पोत्यात भरून चर्चच्या दानपेटीत टाकायला निघाले असते तर सगळं तिथेच संपलं असतं. पण मग त्याला वाचवला कशासाठी? मी तो डाइनाच्या जुन्या खोलीतल्या कपाटात टांगला आणि एप्रिलपासून त्याला कोस्टासकडे न्यायला लागले. ही खेप धरून चव्वेचाळीस वेळा. एका कात्रीतून वाचवलेलं कापड मी चव्वेचाळीस वेळा घासून मारलं, आणि हे मला एका परक्या सुनेने उजेडात धरून दाखवावं लागलं.

घरी येऊन मी बूट काढले नाहीत, तशीच स्वयंपाकघरात बसले. यादीवर साडेनऊ खोडून एकोणीस पंच्याहत्तर लिहिले. आता नियम असा आहे की मागच्या वेळेपेक्षा भाव वीस टक्क्यांहून जास्त हलला, तर शेजारच्या चौकटीत कारण लिहायचं. अंड्यांना लिहिता येतं, कोंबड्यांचा रोग. गॅसला लिहिता येतं, थंडीची लाट. या चौकटीत काय लिहायचं? दुकानदाराला विधवेची दया आली, अकरा वर्षं? शिकागोच्या रकान्यात मी अकरा वर्षं माझ्याविषयीची कीव भरत होते आणि तिला शहराचा भाव म्हणत होते. हॅलोरनला विचारलं तर तो म्हणेल, मिसेस स्टंकस, एवढ्या मोठ्या सरासरीत तुमच्या साडेनऊने केसाएवढाही फरक पडत नाही. खरंच पडत नसेल. पण मला त्या साडेनऊची तेवढी लाज वाटत नव्हतीच. त्याच टेबलावर, त्याच पेन्सिलीने मी चार वर्षांपूर्वी आणखी एक कागद केला होता, आणि त्याची सरासरी काढणारं कुणी नव्हतं.

तेव्हा डाइनाचा घटस्फोट झाला होता. तिच्या कंपनीची एक कचेरी इथे शिकागोला आहे आणि साहेबाने विचारलं होतं, जाशील का. तिने मला फोन केला. आमचे फोन रविवारचे, चर्चनंतरचे, आणि आम्ही फोनवर भावच बोलतो. लोकांना हसू येईल, पण दुसरं काही बोलायला आम्हाला कधी जमलं नाही. मी म्हणते अंडी, ती तिथलं सांगते. ती म्हणते पेट्रोल, मी इथलं सांगते. जो हरेल त्याने हळहळायचं. त्या रविवारी मात्र ती म्हणाली, “आई, तू यातली माहीतगार आहेस. नीट मांडून सांग ना, मी तिकडे यावं का?” मी दोन रकाने केले. शिकागो: घरपट्टी, राज्याचा आयकर, हिवाळ्यातला गॅस, गाडीचा नगरपालिकेचा परवाना, विक्रीकर. ह्यूस्टन: घरपट्टी थोडी जास्त, आयकर नाही, गॅस नाही, भाडं कमी. उन्हाळ्यातलं विजेचं बिल मी धरलं नाही. टोलचे रस्ते धरले नाहीत, वादळाच्या विम्याचं तर नावच काढलं नाही, आणि इथे वर एक खोली रिकामी आहे हेही कुठल्याच रकान्यात नव्हतं. ह्यूस्टन बावीस टक्क्यांनी जिंकलं. फोनवर मी अगदी आनंदाने सांगितलं, “तू तिथेच बरी आहेस बाई. इथे येऊन काय करणार आहेस, बर्फ काढणार?” थोडा वेळ तिच्या घरातल्या थंड हवेच्या यंत्राची घरघर तेवढी ऐकू आली. मग ती म्हणाली, “बावीस? बरं.”

मी तिला का येऊ दिलं नाही? एका सूटसाठी. ख्रिसमसला ती चार दिवस येते तेव्हा मी तो तळघरात, घर तापवायच्या भट्टीच्या मागे, जुन्या चादरीत गुंडाळून ठेवते. चार दिवस लपवता येतं, कायमची आली तर कुठे लपवणार? एवढ्याशा गोष्टीसाठी आई आपल्या मुलीला हजार मैलांवर ठेवील का, असं मला कुणी विचारलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. पण रोज थोडं थोडं असंच होत गेलं. खोटं लहान होतं तोवर सांगून टाकायला लाज वाटली, मोठं झालं तेव्हा भीती वाटायला लागली. गेल्या ऑक्टोबरात एका रविवारी आम्ही दूध झालं, अंडी झाली, आणि ती म्हणाली, “टॅक्सी, एकतीस डॉलर.” टॅक्सी यादीत नसते. मी म्हटलं, कुठून कुठे? ती म्हणाली, “हॉस्पिटलमधून घरी. मनगट मोडलं होतं, आता बरंय.” कोण होतं गं बरोबर? “टॅक्सीवाला होता की,” ती म्हणाली आणि हसली. मी यादीच्या कडेला ३१ लिहिले. मला दुसरं काय करावं तेच सुचलं नाही. तो कागद अजून आहे, आणि त्यावरचा तो ३१ मी इतक्या वेळा पाहिलाय की माझं स्वतःचं अक्षर मला परकं वाटायला लागलंय. आता त्याच साहेबाने तिला पुन्हा विचारलंय, आणि सोमवारी उत्तर हवंय. “शेवटचंच विचारतोय म्हणाला,” डाइनाने मागच्या रविवारी सांगितलं. “तर तुझे नवे आकडे झाले की सांग. तू म्हणशील तसं.”

शनिवारी मी सूट आणायला गेले. एकोणीस डॉलर पंच्याहत्तर सेंट मोजून पाकिटात घातले होते. कोस्टास दुकानात होता. एका खुर्चीत बसून पाय दुसऱ्या खुर्चीवर ठेवला होता आणि तिथूनच एलेनीला हुकूम सोडत होता. मला बघून त्याने तिला चहाच्या निमित्ताने आत पिटाळलं. मी म्हटलं, कोस्टास, अकरा वर्षं तू मला फसवलंस. “फसवलं?” तो म्हणाला. “निम्म्या पैशात कपडे धुवून दिले, आणि फसवलं! अशी फसवणूक माझ्या घरमालकाने माझी करावी.” मी हसले नाही. मग तोही गंभीर झाला. “हे बघा मिसेस स्टंकस, नवरा गेला की बायका सूट घेऊन येतात. एकदा येतात. धुऊन घेतात, कुणाला तरी देऊन टाकतात, संपलं. तुम्ही तीन महिन्यांनी तोच घेऊन पुन्हा आलात. मी बायकोला म्हटलं, या बाईकडून मी पैसे घेणार नाही. ती म्हणाली, अरे शहाण्या, त्यांच्या हातात कागद आहे, भाव लिहायला येतात त्या. शून्य कसा लिहितील? म्हणून मग साडेनऊ. तेव्हा तसा भाव होताच. पुढे मी तो हलवला नाही, एवढंच.” मी विचारलं, आणि मी तो सूट का आणते असं वाटलं तुला? त्याने पायाखालची उशी सारखी केली. “प्रेम असतं एकेकाचं,” तो म्हणाला.

प्रेम! मी म्हटलं, कोस्टास, त्याला मी तपकिरी सूटमध्ये पुरलं. हा महाग होता म्हणून ठेवून घेतला, आणि मुलीला सांगितलं कसर लागली. अकरा वर्षांत मी हे पहिल्यांदा तोंडाने बोलले, आणि तेही एका दुकानदाराला. वरच्या फिरत्या साखळीला सूट टांगलेला होता, पातळ पिशवीत, आणि पिशवीतूनही त्याच्या पाठीची चमक दिसत होती. “मुलीला सांगा,” तो म्हणाला. “मला सांगून काय उपयोग? मी काय, डाग काढणारा माणूस.” तो सूट काढायला म्हणून खुर्चीचा हात धरून उठायला लागला. मी म्हटलं, बस तू, राहू दे आज. मी पावती परत पाकिटात घातली, पैसेही तसेच परत आणले. घरी जाताना त्या खुर्च्यांमधून चालताना मला वाटलं, यातली एकही खुर्ची कुणी हलवत नाही, कारण ती कुणाच्या तरी श्रमाची जागा आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. मी वरच्या खोलीत एक सूट मांडून ठेवला होता, आणि माझी मुलगी चार वर्षं बाहेर जागा शोधत फेऱ्या मारत होती.

रविवारी मी प्रार्थनेला गेले पण एक शब्द ऐकला नाही. साडेअकराला फोन वाजला. “तयार?” डाइना म्हणाली. तिच्या आवाजात हसू होतं, पण घाईही होती. आम्ही सुरुवात केली. दूध, ती जिंकली. अंडी, मी जिंकले. गोळ्यांची बाटली सारखीच. बोलिंग, ती. “वीज धर या वेळी,” मी मध्येच म्हटलं. ती म्हणाली, “वीज? यादीत आहे का?” मी म्हटलं, धर, आणि टोलही धर, विमाही धर. मागच्या खेपेला मी ते सगळं सोडलं होतं. जाणूनबुजून सोडलं होतं. मी थांबले असते तर पुन्हा कधीच बोलले नसते, म्हणून यादीत बोट ठेवून पुढची ओळ वाचली. पुरुषाचा सूट, ड्रायक्लीनिंग, एकोणीस पंच्याहत्तर. “काय सांगतेस!” ती म्हणाली. “तुझे तर साडेनऊ असायचे. एवढं कसं वाढलं?” मी म्हटलं, वाढलं नाही. कोस्टास मला स्वस्तात देत होता. “का पण? आणि तू कुणाचा सूट नेतेस?” मी म्हटलं, तुझ्या बाबांचा निळा.

यंत्राची घरघर ऐकू येत होती. जानेवारीतही तिच्याकडे ते चालू असतं. मी सगळं सांगितलं, कात्रीचं, तीनशे ऐंशीचं, भट्टीमागच्या चादरीचं, बावीस टक्क्यांचं. रडले नाही. रडले असते तर ती मला समजावत बसली असती, आणि मला ते नको होतं. मग ती म्हणाली, “तो धागा माझ्याकडे आहे अजून. तपकिरी.” मी म्हटलं, ठाऊक आहे गं. “तुला काही ठाऊक नाही,” ती म्हणाली, आणि तिचा आवाज असा मी तिच्या लहानपणापासून कधी ऐकला नव्हता. “चार वर्षं, आई. मला वाटलं तुला मी नको आहे. मी तुझ्या बावीसवर विश्वास ठेवला नव्हता, मला आकडेमोड येते. मला वाटलं, एवढ्या सगळ्या गोष्टी गाळतेय, म्हणजे हिला मी घरात नको आहे.” मी तोंड उघडलं. “आता काही बोलू नकोस,” ती म्हणाली. “कुठे आहे तो आत्ता?” दुकानात, मी म्हटलं, पैसे भरायचेत. “आणू नकोस. मी येऊन आणेन, मला तो पाठीकडून बघायचाय. उद्या ऑफिसला कळवते, येतेय म्हणून. त्यानंतर मी तुझ्याशी बोलेन की नाही, मला आज सांगता येत नाही.” मी म्हटलं, वरची खोली तयार करून ठेवते.

फोन ठेवायच्या आधी ती एवढंच म्हणाली, “पावती हरवू नकोस.”

मी हो म्हटलं.